दुधाचा रकाना

डर्बन, ता. १५ मे १९३८

ती. दादांस काशीरामचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र भागोजीच्या आधी तुमच्या हाती पडावं म्हणून घाईने लिहितो. आपल्या मिऱ्याचा भागोजी खलाशी गेल्या आठवड्यात इथल्या धक्क्याला लागला. मी भेटायला गेलो तर दोन पावलं मागे सरला आणि नाकाला रुमाल लावलान. "काशा, अंगाला कसला रे हा वास?" मी सांगितलं नाही. पण त्याने धक्क्यावर विचारून घेतलंच. पावसाच्या तोंडाशी तो घरी पोचेल.

तेव्हा मीच सांगतो. तीन वर्षांमागे तापाने बोटीवरून उतरवलं, इस्पितळातून सुटलो आणि बंदराच्या कचेरीत कारकून लागलो, असं मी लिहिलं होतं. ताप खरा, इस्पितळ खरं, कचेरी खोटी. मी देवमासे कापायच्या कारखान्यात आहे.

तोफ बसवलेल्या लहान आगबोटी बाहेर जातात. तोफेतून भाला सुटतो, त्याच्या टोकाचा दारूचा बार माशाच्या पोटात फुटतो. मेल्यावर त्यात वारा भरतात, शेपटीला साखळी घालून बंदरात ओढून आणतात. तिथून आगगाडीच्या उघड्या डब्यांवर घालून टेकडीपलीकडे कारखान्यात. सकाळी आलेल्याचं संध्याकाळपर्यंत तेल होतं, हाडांचं खत होतं. तेलाचा साबण करतात. पावाला लावायचं लोणीही करतात म्हणे.

आपण सगळ्यांना देवमासाच म्हणतो. इथे कळलं की जाती आहेत. निळा सर्वांत मोठा, तुमच्या शाळेच्या दुप्पट लांब. यंदा अजून एकही आला नाही. फिन म्हणतात तो सडपातळ, त्याचा जबडा एका अंगाला पांढरा आणि दुसऱ्या अंगाला काळा. स्पर्म म्हणतात त्याला खालच्या जबड्यात दात, डोक्यात हंड्यांनी तेल. कुबडवाला आहे, त्याचे हात लांब, पाण्याबाहेर उड्या घेतो. तो पिल्लं घेऊन किनाऱ्याजवळून जातो, म्हणून आधी तोच हाताला लागतो. आणखी एकाचं नावच 'राइट', म्हणजे मारायला बरा. हळू पोहतो आणि मेल्यावर आपसूक तरंगतो. त्याला मारायची आता बंदी आहे. सिफो नावाचा झुलू म्हातारा माझ्याबरोबर असतो, तो म्हणतो, पंधरा वर्षांत मी तो पाहिला नाही, बंदी कुणाला?

यंदापासून मी सुरा सोडला. नवा कायदा आला आहे: फिन पंचावन्न फुटांखाली मारायचा नाही, पिल्लाची आई मारायची नाही. म्हणून प्रत्येक मासा मोजून वहीत लिहावा लागतो. टेपचं एक टोक सिफो धरतो, दुसरं मी. माझं इंग्रजी अक्षर बरं, म्हणून वही मला मिळाली. ते अक्षर तुमच्याच पाटीवर गिरवलेलं आहे.

राग आला तर लिहा. पण लिहा.

तुमचा काशीराम

---

मिऱ्या, रत्नागिरी, ता. १९ जून १९३८

चि. काशीराम यास आत्मारामचे आशीर्वाद.

पत्र शाळेत मिळालं हे नशीब. घरी आलं असतं तर कमळाने नेहमीप्रमाणे पडवीत बसून मोठ्याने वाचलं असतं आणि शेजारच्या चार बायका ऐकत बसल्या असत्या. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

भागोजी आला. त्याला शाळेत बोलावून, दार लावून सांगितलं. "मास्तर, माझ्या तोंडातून शब्द जायचा नाय," म्हणाला. पाहू.

चैत्रात दादू तांडेलाला मिऱ्याच्या टोकाबाहेर देवमाशाचा फवारा दिसला. त्याने रीतीप्रमाणे शीड उतरवून नारळ सोडला. परवा शाळेच्या पायरीवर बसून सांगत होता, "मास्तर, पूर्वी एका हंगामात चार-पाच नारळ जायचे. यंदा एकच गेला. कुठं जातात कोण जाणे!" मी त्याच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही. उठलो आणि फळा पुसत राहिलो. फळ्यावर काही नव्हतं.

आता दुसरं. कमळाला जयगडचं स्थळ आलं आहे. सखाराम तांडेलांचा मुलगा, स्वतःचं गलबत, माणसं मानी. भाऊ काय करतो म्हणून विचारलं तेव्हा मी कारकून सांगितलं होतं. तुझ्या पत्राने तेच खरं ठरलं, देवाने लाज राखली. तेव्हा कारकूनच राहा. सुऱ्याला हात लावू नकोस. वहीत खरं ते लिही, अक्षर नीट काढ, आणि त्या रक्तामांसाच्या गोष्टी पत्रात नकोत.

आई-बाप गेल्यावर तुम्हां दोघांना मी कसं वाढवलं ते तुला सांगायला नको.

आत्माराम

---

डर्बन, ता. २४ जुलै १९३८

ती. दादांस साष्टांग नमस्कार.

नको म्हणालात तरी लिहितो. विचारायला दुसरं माणूस नाही. पत्ता शाळेचाच घातला आहे.

गेल्या महिन्यात एक फिन आला, बावन्न फूट. मी बावन्न लिहिलं. मॅनेजर मागे उभा होता. "टेप ढिली धरलीस. पुन्हा मोज." पुन्हा मोजला. बावन्नच. "पंचावन्न लिही," म्हणाला आणि पाइप पेटवून निघून गेला. लिहिलं. त्यानंतर असे एकोणीस झाले. कुठलाही फिन येवो, पंचावन्नाखाली उतरत नाही. मोठे संपले म्हणून लहानांवर आले, एवढंच त्याचं कारण आहे. मी रोज संध्याकाळी खोलीवर जाऊन खरे आकडे एका लहान वहीत उतरवतो. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मंगळवारी कुबडवाली मादी आली. कापणाऱ्याने पोटाखाली सुरा घातला आणि दूध आलं. गाईच्या दुधासारखं पातळ नव्हे, आटवल्यासारखं दाट. फळ्यांवर रक्तात मिसळून वाहू लागलं. माझ्या पायांपर्यंत आलं तेव्हा मी एक पाय उचलला, पण ठेवायला कोरडी जागा नव्हती. बोटीवरचे लोक सांगत होते, पिल्लू बंदराच्या तोंडापर्यंत बोटीच्या मागे आलं. बुधवारी सुट्टी झाल्यावर मी टेकडीवर जाऊन पाहिलं. बाहेर एकाच जागी फिरत होतं. फवारा इतका लहान की लाट म्हणून सोडून द्यावा. गुरुवारी गेलो तेव्हा नव्हतं.

वहीत एक रकाना आहे: दूध. तिथे 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं. मॅनेजर म्हणाला, "नाही लिही."

मी म्हटलं, "साहेब, खाली वाहतंय."

"ते तेल आहे," म्हणाला.

मी 'नाही' लिहिलं, दादा.

सप्टेंबरात सरकारी इन्स्पेक्टर येणार. माझी लहान वही त्याला द्यावी असं मनात आहे. सिफो म्हणतो, तू वही दिलीस तर मी साक्ष देईन, टेपचं टोक माझ्याही हातात होतं. पण माझा इथे राहायचा परवाना कंपनीच्या चिठ्ठीवर वर्षावर्षाने वाढतो. सिफोला घरी सहा माणसं. काय करू? तुम्ही सांगाल तसं करीन.

काशीराम

---

मिऱ्या, ता. २२ ऑगस्ट १९३८

चि. काशीराम यास आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला हात उठत नव्हता.

वही देऊ नकोस. जाळून टाक.

तो मुलूख आपला नव्हे, कायदा आपण केलेला नाही, मासे आपण मारत नाही. तू न लिहिलंस तर दुसरा लिहील, आणि मेलेलं जनावर एका शब्दाने उठून समुद्रात जाणार नाही. कंपनीने परवाना काढून घेतला आणि तुला कुठे कोंडून घातलं, तर आम्हांला इथे कळणारसुद्धा नाही. आपला काका एडनला उतरला तो उतरलाच. आठवतं?

तुला हसू येईल, तरी इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. शाळातपासनीस येतात त्या दिवशी मुंबईला गेलेल्या सात मुलांची नावं मी हजर म्हणून लिहितो. पट कमी दिसला तर शाळा बंद होईल, मग मिऱ्याच्या पोरांनी जायचं कुठे? खोटं आहे हे कळतं. पण लिहितो, आणि शाळा चालते. लहानपणी पाटीवर खोटा आकडा घातलास म्हणून मी तुला मारलं होतं. तो मी वेगळा होतो. तेव्हा आई-बाप होते, त्याला घर चालवायचं नव्हतं.

जयगडकरांनी होकार दिला. मार्गशीर्षात लग्न. आता घरावरून काही बोलणं यायला नको.

हे भाऊ म्हणून नव्हे, बाप म्हणून सांगतो.

आत्माराम

---

डर्बन, ता. २८ ऑगस्ट १९३८

ती. दादांस साष्टांग नमस्कार.

इन्स्पेक्टर न सांगता आधीच आला, गुरुवारी. तुमचं उत्तर आलं नव्हतं. पण जूनच्या पत्रातलं तुमचं वाक्य मला पाठ होतं: वहीत खरं ते लिही. त्याहून वेगळं तुम्ही काय सांगणार? मी वही दिली.

त्याने उभ्याउभ्या पानं चाळली. प्रत्येक माशाची तारीख, जात, नर की मादी, खरी लांबी, लिहायला लावलेली लांबी. शेवटी त्या मादीचं पान आलं तिथे थांबला. "हे तू का लिहून ठेवलंस?" विचारलं. मी म्हटलं, "माझा भाऊ शाळामास्तर आहे." तो हसला नाही. वही खिशात घातली आणि पावती दिली.

१७ ऑक्टोबरला चौकशी बसणार आहे. मॅनेजर माझ्याशी बोलत नाही, पण कामावरून काढायला धजत नाही. सिफोने साक्षीसाठी एक कोट मागून आणला आहे, बाह्या त्याच्या कोपरापर्यंतच येतात. तो घालून काल दाखवायला आला होता. तीन वर्षांत इतकं हलकं मला वाटलं नव्हतं.

कमळाला आशीर्वाद. लग्नाला मी असायला हवा होतो.

काशीराम

---

मिऱ्या, ता. १४ सप्टेंबर १९३८

चि. काशीराम यास आशीर्वाद.

माझं मागचं पत्र एव्हाना मिळालं असेल. ते फाडून टाक. तुझं वाचून आधी घाबरलो, रागावलोही. आता राग नाही. झालं ते झालं. तू साक्षीला जा. विचारतील ते सांग.

बाकीचं मी पाहिलं आहे. वडील माणूस असतो तो कशासाठी? तुझ्या केसाला धक्का लागणार नाही आणि कामही जाणार नाही, अशी तजवीज केली आहे. कसली, ते मागाहून लिहीन.

तो जुना ताप परत येतो का? झोप लागते का? डोकं दुखत असेल तर तिथल्या डॉक्टरला दाखवून त्याची चिठ्ठी जवळ ठेव.

आत्माराम

---

डर्बन, ता. २० ऑक्टोबर १९३८

आत्माराम मास्तर यांस काशीरामचा नमस्कार.

तुमची तजवीज पाहिली. कशी झाली ते तुम्हांला कळायला हवं, म्हणून शेवटपर्यंत सांगतो.

सकाळी माझी साक्ष झाली. तासभर विचारत होते. मी एकही आकडा चुकलो नाही. इन्स्पेक्टर मान हलवत होता. सिफो बाकावर हात मांड्यांवर ठेवून बसला होता. मग कंपनीचा वकील उठला आणि त्याने एक कागद काढला. मी दहा हातांवरून अक्षर ओळखलं.

त्याने तुमचं कंपनीला आलेलं पत्र वाचलं: माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यात ताप गेल्यापासून तो नसलेल्या गोष्टी पाहतो आणि लिहून ठेवतो. घरीही त्याने अशा वह्या भरल्या होत्या. त्याच्या शब्दावर विसंबू नये. तरी त्याच्यावर दया करून त्याला कामावर ठेवावं, ही एका शिक्षकाची विनंती. तुमच्या इंग्रजीत एकही चूक नव्हती, मास्तर. चौकशीच्या साहेबानेही कागद हातात घेऊन तारीफ केली.

मला विचारलं, "हे अक्षर ओळखतोस?"

"ओळखतो. भावाचं आहे."

"यातलं खरं आहे का?"

"नाही."

"मग तुझा भाऊ खोटं बोलतो?"

मी त्या कागदाकडे पाहिलं. वकिलाने पुन्हा विचारलं, "शिक्षक आहे ना तो? खोटारडा आहे का? हो की नाही, एवढंच सांग."

'हो' म्हटलं असतं तर वही टिकली असती. सगळी खोली माझ्या तोंडाकडे पाहत होती. परक्या मुलखात, परक्या लोकांपुढे, तुम्हांला खोटारडा म्हणायला माझी जीभ वळली नाही. मी गप्प राहिलो. साहेबाने लिहून घेतलं: साक्षीदार उत्तर देत नाही.

एवढं एक तुमच्यासाठी केलं, आणि नेमकं तेच करायला नको होतं.

सिफोला वाचता येत नाही. वहीच उडाली, तेव्हा तू आकडे कशावरून सांगतोस, म्हणून त्याला पाच मिनिटांत बसवलं. संध्याकाळी त्याला फाटकाबाहेर काढलं. अठरा वर्षं तिथे कामाला होता. त्याच्यासाठी इंग्रजीत अर्ज करणारं कुणी नव्हतं. जाताना माझ्याकडे पाहून म्हणाला, "तू एक शब्द बोलायचा होतास."

मला मात्र ठेवलं. मॅनेजरने खांद्यावर हात ठेवला. "तुझा भाऊ सज्जन माणूस आहे. त्याच्या शब्दाखातर." आता मी भट्टीवर कोळसा मारतो. वहीवर दुसरा आहे.

काशीराम

---

मिऱ्या, ता. ८ जानेवारी १९३९

चि. काशीराम यास,

तू चिरंजीव म्हणू देशील की नाही ठाऊक नाही, तरी हाताने तेच लिहिलं.

लग्न मोडलं. डर्बनच्या धक्क्यावर चौकशीची बातमी खलाशांत पसरली, त्यांच्याबरोबर ती जयगडला उतरली. देवमाशाचं कुणी काही बोललं नाही. कारकून की कापणारा, तेही नाही. सखाराम तांडेल ओटीवर बसून एवढंच म्हणाले, "मास्तर, घरात वेड आहे असं आधी सांगितलं असतंत तर आम्ही इतकं पुढं आलो नसतो. आम्हांला पुढली पिढी बघायची हाय."

मी म्हटलं, "तो वेडा नाही हो. ते मी खोटं लिहिलं होतं."

तर त्यांचा एक जुना व्याही बाजूला होता, तो म्हणाला, "तेव्हा खोटं, का आता?"

 त्या वकिलाचा प्रश्न फिरून माझ्याकडे आला.

दुसरंही सांगतो. तुझं पत्र आल्यावर मी तिथल्या सरकारी साहेबाला इंग्रजीत दुसरं पत्र धाडलं, पहिलं खोटं म्हणून. चार ओळींचं उत्तर आलं. प्रकरण मिटलं आहे, आणि परस्परविरुद्ध लिहिणाऱ्याच्या पत्राचा विचार करता येत नाही.

वेड्यावर कुणी खटला भरत नाही, एवढाच माझा हिशेब होता. तुला जिवंत आणि कामावर ठेवायचं होतं. तुझा शब्द मरेल, हे डोक्यात आलं नाही असं म्हटलं तर तेही खोटं होईल. आलं होतं. मी म्हटलं, माशांचंच तर आहे.

कमळा माझ्यापुढे ताट ठेवते आणि आत जाते.

एक कर. घरी ये. जयगडकरांसमोर एकदा उभा राहा, चार गोष्टी बोल. तू धड आहेस हे त्यांना डोळ्यांनी दिसू दे. तुझ्याशिवाय हे कुणाला निस्तरता येणार नाही. तुझं मन माझ्यावरून उडालं असेल, तरी तिच्यासाठी ये.

आत्माराम

---

डर्बन, ता. १४ मे १९३९

आत्माराम मास्तर यांस,

तुमचं पत्र तीन महिने पेटीत ठेवलं होतं. उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. कमळाचं नाव होतं म्हणून फाडलं नाही.

हंगाम सुरू झाला. काल पहिला मासा आला. फिन होता, लहान. भट्टीच्या दारातूनही दिसत होतं की पन्नासाला पुरा नाही. नव्या कारकुनाने टेप सोडलीच नाही. मॅनेजरकडे पाहिलं, त्याने बोटांनी काहीतरी दाखवलं, याने लिहिलं. पलीकडच्या झुलू गड्याने विचारलं, "मोजायचा नाही का?" सगळे हसले.

परवाना वाढवायची वेळ आली तेव्हा माझ्यापुढे कागद ठेवला: ती वही मी तापाच्या भरात लिहिली, असं सही करून द्यायचं. म्हणजे तुम्ही लिहिलंत ते माझ्या हाताने. मी सही केली नाही. शनिवारच्या बोटीवर मला चढवणार आहेत.

निघण्याआधी सिफोच्या वस्तीवर गेलो. दार वाजवलं. आतून त्याच्या बायकोने सांगितलं, तो घरी नाही. त्याचं खोकणं मला ऐकू येत होतं.

मुंबईहून मी सरळ जयगडला जाईन. सखाराम तांडेलांसमोर बसेन, विचारतील ते सांगेन, काय काम करत होतो तेही सांगेन. देवमाशांचंही सगळं सांगेन. त्यानंतर कमळाला तिथे द्यायची की नाही, ते आधी तिला विचारा. मग त्यांना.

मिऱ्याला मी येणार नाही. आणि तुम्ही जयगडला येऊ नका. आपण दोघे शेजारी बसलेले दिसलो की ते विचारतील, दोघांत खरं कोण बोलतो. मागच्या वेळी मी गप्प बसलो होतो. या वेळी बसणार नाही.

काशीराम